बांधावरचं गवत आणि कटर: पहिल्यांदा मशीन हाती घेणाऱ्यांसाठी

पहिला दमदार पाऊस झाला की पंधरवड्यात खान्देशातले बांध गवताने भरून जातात. नेमकी त्याच वेळी कपाशीची निंदणी, मक्याची खुरपणी आणि केळीची पिलं काढणं एकदम अंगावर येतं आणि मजूर मिळत नाही. म्हणून आता रावेर-यावलपासून शिरपूर-शहाद्यापर्यंत गावोगाव खांद्याला पट्टा अडकवून पेट्रोलचं ग्रास कटर चालवणारी माणसं दिसतात. केळीवाल्यांची तर जास्तच घाई असते. केळीवर रोग आणणारा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक) विषाणू बांधावरच्या तणांत टिकून राहतो आणि मावा तो केळीवर आणतो, त्यामुळे बांध साफ ठेवण्यावाचून पर्याय नाही.

मशीन दुकानातून घरी येतं तेव्हा दुकानदार दोरी ओढून ते सुरू करून दाखवतो, पेट्रोलमध्ये किती ऑईल टाकायचं ते सांगतो आणि मोकळा होतो. पुढचं सगळं सालदाराने नाहीतर घरच्या पोराने आपापलं शिकायचं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. ज्याच्या हातात मशीन देणार आहात त्याला तो वाचून दाखवा.

एक हिशोब आधी लक्षात घ्या. दहा इंची पातं मिनिटाला ७००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ३३० किलोमीटरच्या वर जातो. पात्याऐवजी लावतात त्या नायलॉन दोरीचा घेर पात्यापेक्षा मोठा, म्हणून तिचं टोक त्याहूनही जोरात फिरतं. नवीन माणूस पात्याला भितो आणि दांडा लांब आहे म्हणून निर्धास्त होतो. पण त्या वेगाने उडालेला खडा दांड्याच्या लांबीला जुमानत नाही. तो चालवणाऱ्याच्या डोळ्यात जातो, नाहीतर चहा घेऊन आलेल्या माणसाच्या. खाली जे सांगितलंय त्यातलं निम्म्याहून जास्त या उडणाऱ्या वस्तूंसाठीच आहे.

मशीन हातात घेण्याआधी

पात्याच्या मागे प्लॅस्टिकचं जे अर्धगोल झाकण असतं, ते गार्ड. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ते पहिल्याच आठवड्यात काढून गोठ्यात टाकलेलं असतं. कारण काय, तर त्यात गवत अडकतं आणि मशीन जड वाटतं. माझं स्पष्ट मत आहे की गार्ड नसलेलं मशीन सुरूच करू नये. भाड्याने आणलं असेल आणि गार्ड नसेल तर परत करावं. चालवणाऱ्याच्या दिशेने येणारे खडे अडवणारी ती एकच गोष्ट मशीनवर आहे. नायलॉनच्या गार्डला खाली एक छोटं पातं असतं, ते जास्तीची दोरी कापून टाकतं. गार्ड काढलं की दोरी लांबच लांब फिरते, इंजिनावर ताण येतो आणि मशीन तापतं. म्हणजे गार्ड काढून मशीनचाही फायदा होत नाही.

दुसरी तितकीच वाईट सवय म्हणजे नायलॉन लवकर झिजतो म्हणून त्याच्या जागी बाइंडिंगची तार, क्लचची वायर नाहीतर सायकलची आरी लावणं. तारेचा तुकडा तुटला की तो गोळीसारखा सुटतो आणि मांसात आत शिरतो. नायलॉनच्या डोक्यात फक्त नायलॉन, तोही मशीनच्या पुस्तकात लिहिलेल्या जाडीचा. बहुधा तो २ ते ३ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. वापरण्याआधी दोरीची गुंडाळी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. मे महिन्याच्या उन्हात वाळून ठिसूळ झालेला नायलॉन त्याने पुन्हा लवचीक होतो.

कुठे काय लावायचं, हे सोपं आहे. हरळी, केना, लव्हाळा, कोवळं गवत यांना नायलॉन. गुडघ्याच्या वर गेलेलं जाड गवत आणि जून झालेलं गाजरगवत यांना तीन दातांचं लोखंडी पातं. बोरी-बाभळीची अंगठ्याएवढी झुडपं असतील तर बारीक दातांचं गोल पातं. पातं लावताना मोठं गार्ड लागतं का छोटं, ते पुस्तकात पाहा, कारण नायलॉनचे आणि पात्याचे गार्ड काही मशीनमध्ये वेगळे असतात.

पातं बसवणाऱ्या नटाचे आटे बहुतेक मशीनवर उलटे असतात. सोडवायचा तर घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे लोक पान्याला पाईप लावून जोर करतात आणि आटे घालवतात. पात्याला तडा गेला असेल, ते वाकलं असेल, तर ते टाकून द्या. गावातला वेल्डर ते जोडून देईल, सरळही करून देईल, पण जोडलेलं पातं त्या वेगाला टिकत नाही.

अंगावर काय असावं

डोळ्यांसाठी चष्मा हवाच, साधा उन्हाचा नव्हे तर बाजूनेही झाकणारा सेफ्टी गॉगल. जाळीचा फेस शिल्ड मिळतो, तो तोंडासाठी चांगला. पण जाळीतून बारीक कचरा आणि चीक आत येतो, म्हणून शिल्डच्या आतही गॉगल ठेवा. कानांना इअरमफ, निदान कानात घालायचे फोमचे बोळे. या इंजिनाचा आवाज सतत कानाशी असतो आणि त्याने गेलेली ऐकण्याची ताकद परत येत नाही. इअरफोनवर गाणी लावून काम करणं म्हणजे त्या आवाजात आणखी आवाज घालणं.

पायात बूट. चप्पल, स्लीपर, अनवाणी यातलं काहीही चालणार नाही. पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी शूज मिळाले तर उत्तम. चिखलात गमबूट बरे, पण ते पात्यापासून वाचवत नाहीत. जाड जीन्स, पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे. धोतर, लुंगी किंवा सैल पायजमा घालून मशीन धरू नका. डोक्याला रुमाल बांधायचा तर टोकं आत खोचा. बाई मशीन चालवत असेल तर पदर आणि वेणी शर्टाच्या आत बंद हवी.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा एवढे कपडे घालून दुपारी काम करणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. उजाडल्यावर सुरू करा, दहाच्या आत थांबा. कपडे कमी करण्यापेक्षा वेळ बदला.

आधी शिवार पायी फिरा

हे काम सगळ्यांत जास्त टाळलं जातं आणि सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं. हातात लांब काठी घ्या आणि जो पट्टा कापायचा आहे तो पूर्ण चाला. काळ्या रानात दगड कमी असतात, पण बांध हा वेचलेले दगड टाकायचीच जागा असतो. गवताखाली ते दिसत नाहीत. रस्त्याकडेच्या बांधावर फुटक्या बाटल्या असतात. कपाशी उपटून नेली तरी पऱ्हाटीचे खुंट मागे राहतात आणि पातं त्यांवर आपटलं की हात झणाणतात.

मग तारा आणि कापड. रानडुकरांसाठी बांधाभोवती जुन्या साड्या बांधलेल्या असतात, त्यांचे लोंबते पदर गवतात दडून बसतात. फिरणाऱ्या डोक्यात साडीचं टोक गेलं की क्षणात पूर्ण साडी गुंडाळली जाते आणि मशीन हातातून ओढलं जातं. झटका मशीनची, म्हणजे जनावरं अडवणाऱ्या विजेच्या कुंपणाची, तार सैल होऊन खाली आलेली असते. काम करण्याआधी झटका बंद करा, नुसतं लांबून कापीन म्हणू नका. विहिरीच्या मोटारीची केबल, बोअरची दोरी, केळीच्या घडाला आधार दिलेल्या पट्ट्या, मल्चिंग पेपरचे फाटके तुकडे, हे सगळं एका जागी गोळा करा. जे उचलता येत नाही, उदाहरणार्थ पाटाचा सिमेंटचा कोपरा, हद्दीचा दगड किंवा ठिबकचा व्हॉल्व, त्याच्याशेजारी रंगीत चिंधी बांधलेली काठी रोवा.

काठीने गवत आपटत चालण्याचं दुसरं कारण साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. काठीच्या हादऱ्याने नाग बहुधा निघून जातो. घोणस मात्र वेटोळं करून तिथेच बसते आणि कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार टाकते. इंजिन सुरू असताना तो आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून इंजिन सुरू करण्याआधीच हे फिरणं व्हायला हवं. साप दिसला तर त्याला वाट द्या आणि तो पट्टा दुसऱ्या दिवशी कापा. झुडपांत गांधीलमाशीचं पोळं आहे का, तेही याच फेरीत बघा.

माणसं आणि जनावरं किमान १५ मीटर, म्हणजे पन्नास फूट दूर हवीत. शेळ्या चारणारी पोरं, शेजारच्या वावरातल्या निंदणाऱ्या बाया, सगळ्यांना आधी सांगून या. रस्त्याकडेला काम असेल आणि मोटरसायकल येताना दिसली तर ॲक्सिलरेटर सोडून ती जाऊ द्या. घरच्यांना एक नियम पक्का सांगा: मशीन चालू असताना मागून जवळ यायचं नाही. हाक ऐकू येत नाही, आणि खांद्यावर हात ठेवला तर माणूस मशीनसकट वळतो. समोर लांब उभं राहून हात वर करायचा, त्याने पाहिलं आणि इंजिन बंद केलं की मग पुढे यायचं.

पेट्रोल भरताना

टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल मिसळावं लागतं. काही कंपन्या लिटरला २० मिली सांगतात, काही ४० मिली. शेजाऱ्याचं प्रमाण वापरू नका, आपल्या पुस्तकातलं वापरा. ऑईल कमी पडलं तर पिस्टन धरतो, जास्त झालं तर धूर आणि प्लगवर काजळी. फोर-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल नुसतंच जातं आणि ऑईल वेगळ्या जागी भरतात. घरात दोन्ही प्रकारची मशीन असतील तर डब्यांवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

मिश्रण पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. वावरात तहानलेला माणूस, त्यातही लहान पोर, ती बाटली सहज तोंडाला लावतं. पेट्रोलचाच कॅन वापरा आणि तो सावलीत ठेवा. इंजिन गार झाल्यावरच टाकीचं झाकण हळू सोडा, कारण उन्हात आत वाफ कोंडलेली असते. भरल्यावर सांडलेलं पुसा आणि तिथून तीन-चार मीटर दूर जाऊन मशीन सुरू करा. बिडी-सिगारेट जवळपास नको. उन्हाळ्यात बांधावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, तापलेलं सायलेन्सर त्यावर टेकवलं किंवा पातं दगडावर घासून ठिणगी पडली तर आग गव्हाच्या काडात जायला वेळ लागत नाही. अशा दिवसांत पाण्याने भरलेली बादली शेजारी हवी.

सुरू करणं

मशीन सपाट, मोकळ्या जागी ठेवा, पातं कशालाही टेकलेलं नको. प्रायमरचा रबरी फुगा पाच-सहा वेळा दाबा, थंड इंजिनाला चोक लावा. डाव्या हाताने मशीन जमिनीवर दाबून धरा आणि उजव्या हाताने दोरी आधी हलकेच ओढून ताण लागेपर्यंत आणा, मग झटक्याने ओढा. दोरी हाताला गुंडाळायची नाही, आणि ओढल्यावर ती सोडून द्यायची नाही, हातानेच परत आत जाऊ द्यायची. दांड्यावर पाय देऊन उभं राहू नका, आतला शाफ्ट वाकतो. इंजिनाचा फुटफुट आवाज आला की चोक काढा आणि मिनिटभर संथ चालू द्या.

आता बघा: ॲक्सिलरेटर सोडलेला असताना पातं थांबलेलं आहे का? ते फिरतच असेल तर आयडलिंगचा स्क्रू नाहीतर क्लच बिघडलाय. दुरुस्त होईपर्यंत काम करू नका. बंद करायचं बटण कुठे आहे, ते नवीन माणसाला डोळे मिटून सापडेपर्यंत सराव करून घ्या.

हार्नेसचा पट्टा असा बांधा की मशीन तुमच्या उजव्या बाजूला, कमरेच्या थोडं खाली लटकेल आणि हात सोडल्यावर पातं जमिनीच्या किंचित वर, समांतर राहील. मशीनचं वजन खांद्याने आणि कमरेने पेलायचं असतं, मनगटांनी नव्हे. हार्नेसला एका झटक्यात सुटणारी चाप असते. तीही दोन-चार वेळा सोडून पाहा. आग लागली किंवा माश्या उठल्या तर मशीन टाकून पळता आलं पाहिजे.

कापण्याची पद्धत

सरळ दांड्याच्या बहुतेक मशीनचं पातं वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. त्यामुळे काप उजवीकडून डावीकडे घ्यायचा, आणि परत उजवीकडे येताना नुसतं रिकामं यायचं. डावीकडे आधी कापलेला पट्टा राहील अशी चाल धरली तर नवीन गवत त्याच्यावर ओळीने पडतं. कमरेतून वळा, हात जवळजवळ स्थिर ठेवा, एक काप झाला की एक पाऊल. गवतात शिरण्याआधीच पात्याला पूर्ण वेग द्या.

पातं म्हणजे घड्याळाची तबकडी आणि बारा तुमच्या अगदी समोर, असं धरा. नऊ ते बारा या डाव्या भागाने गवत कापायचं. बारा ते तीन हा भाग खुंटाला, दगडाला किंवा जाड खोडाला लागला तर मशीन जोरात एका बाजूला फेकलं जातं आणि चालवणारा त्याच्याबरोबर फिरतो. पाय फाकवून, घट्ट रोवून उभं राहायचं ते याचसाठी. पातं कमरेच्या वर कधीच न्यायचं नाही. फांद्या छाटायला कोयता आहे.

नायलॉनने कापताना दोरीच्या फक्त टोकाने काम घ्या. डोकं गवतात खुपसलं तर दोरी नुसती गुंडाळते. छातीएवढं उंच गवत दोन टप्प्यांत कापा, आधी वरचा अर्धा, मग खालचा. नाल्याच्या काठावर किंवा तापीकाठच्या खोऱ्यात उतार असेल तर उताराला आडवं चाला. पावसात काळी माती बुटाला गोळ्याने चिकटते आणि पाय घसरतो. अशा दिवशी घाई करू नका, वाफसा येऊ द्या.

अर्ध्या-पाऊण तासाने थांबा, पाणी प्या, हात झटका. बोटं सुन्न पडणं, पांढरी होणं ही मशीनच्या थरथरीची लक्षणं आहेत. ती दुर्लक्षाने कायमची होतात. थरथर अचानक वाढली तर पातं कुठेतरी तुटलं, वाकलं किंवा सैल झालंय असं धरून लगेच बंद करा.

केळीत, ठिबकाजवळ, झाडांजवळ

केळीच्या ओळीत कटर घालू नका. ठिबकची नळी गवतात दिसत नाही आणि नायलॉनसुद्धा ती सहज कापतो. दोन ओळींमधला पट्टा मशीनने घ्या, झाडाभोवतीचं आणि नळीलगतचं गवत खुरप्याने काढा. केळीच्या खोडाला किंवा लिंबू-मोसंबीच्या कोवळ्या सालीला दोरी लागली तर तिथून रोग शिरतो, आणि साल चहूबाजूंनी सोलली गेली तर झाड वाळतं. निदान एक वीत अंतर सोडा. काम संपल्यावर मोटार दहा मिनिटं चालू करून नळ्या बघून घ्या. फुटलेली जागा त्याच दिवशी कळते.

गाजरगवताला फुलं येण्याआधी कापा. फुलं आल्यावर मशीन फिरवलं तर बी आणि परागकण सगळीकडे उडतात, आणि त्याची ॲलर्जी असलेल्या माणसाला अंगावर चट्टे, शिंका, दम असा त्रास होतो. मास्क आणि पूर्ण बाह्या इथे फार उपयोगी. रुईचं झुडूप मात्र मशीनने कापूच नये. तिचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. ती विळ्याने, तोंड बाजूला करून कापावी. वावरात औषध फवारलेलं असेल तर लगेच कटर लावू नका, पानांवरचं औषध फवाऱ्यासारखं अंगावर येतं.

अडकलं तर, लागलं तर

गवत गुंडाळलं की हात घालण्याचा मोह होतो. क्रम ठरलेला ठेवा: इंजिन बंद, पातं पूर्ण थांबेपर्यंत वाट, प्लगची टोपी काढून बाजूला, मग मोज्यांसह हात.

डोळ्यात काही गेलं तर चोळायचं नाही. धूळ किंवा चीक असेल तर स्वच्छ पाण्याची धार किमान १५ मिनिटं. काही रुतलेलं असेल तर ते काढायचं नाही, डोळ्यावर दाब न येता वाटीसारखं काही झाकून सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे. कापलं असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, जखमेत माती, हळद, तंबाखू भरू नका. साप चावला तर तो अवयव हलवू न देता १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. चिरा मारणं, आवळून बांधणं, भगताकडे नेणं यात वेळ जातो. एकट्याने काम करणार असाल तर कोणत्या बांधावर आहात ते घरी सांगून निघा आणि फोन खिशात ठेवा.

काम झाल्यावर

इंजिन गार होऊ द्या, गार्डखाली साचलेला ओला चोथा काढा, एअर फिल्टर झटका. धुळीच्या दिवसांत तो रोज पाहावा लागतो. पातं कानशीने घासताना प्रत्येक दाताला सारखेच हात द्या, नाहीतर तोल जातो आणि मशीन थरथरतं. गिअर डब्यातलं ग्रीस पुस्तकात दिलेल्या तासांनी भरा.

हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा होऊ द्या. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं आणि पाणी तळाला बसतं. पोळ्याला भरलेलं मिश्रण दिवाळीनंतर वापरायला काढलं तर मशीन सुरू होत नाही आणि मेकॅनिककडे कार्बोरेटर उघडावा लागतो. महिन्याभरात संपेल एवढंच मिश्रण करा. मशीन टांगून ठेवा, पात्यावर कापडी खोळ घाला, आणि प्लगची टोपी काढून ठेवा, म्हणजे घरातल्या पोराने कुतूहलाने दोरी ओढली तरी ते सुरू होणार नाही.